तेराशे बारा पाकिटं आणि तीन मासे

मी फ्रीझर बोलतोय. घराघरात उभा असतो तो नव्हे. मी आडवा, पेटीसारखा, वरून झाकण उघडणारा, सहा फूट लांब. मला पाहायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, यात एक माणूस आरामात मावेल. असं का म्हणतात ते मला कधी कळलं नाही. पण कोरियातल्या इन्छनच्या कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हापासून ऐकतोय.

माझं पहिलं घर पूर्व किनाऱ्यावरच्या एका बंदरात. मालकांचं नाव प्यो, धंदा माकुळाचा, म्हणजे स्क्विडचा. सहा वर्षं माझ्या पोटात माकूळच माकूळ. मग समुद्रातलं माकूळ आटलं. प्यो रोज सकाळी धक्क्यावर उभे राहून समुद्राला शिव्या घालायचे. समुद्राने मनावर घेतलं नाही. शेवटी त्यांनी दुकान मोडलं आणि माझ्या अंगावर 'विकणे आहे' असा कागद चिकटवला.

मला घ्यायला एक चाळिशीचा माणूस छोटा ट्रक घेऊन आला. डोंगरातल्या दोवॉन तालुक्याच्या कृषी केंद्रात तो सहायक होता. नाव मा दोक्साम. आडनाव नुसतं मा, एका अक्षराचं.

प्योंनी विचारलं, "काय ठेवणार यात?"

"बी. सोयाबीनचं."

"बी जमिनीत टाकतात ना?"

"टाकतात. पण सगळंच टाकून बसलो आणि त्या वर्षी पीक बुडालं, तर?"

प्योंनी एकदा समुद्राकडे पाहिलं आणि किंमत वीस हजार वॉननी कमी केली.

अशा रीतीने मी बियाणे बँकेत लागलो. मा साहेबांनी मला आधी व्हिनेगरने धुतलं, मग सोड्याने, मग चहाच्या चोथ्याने. तीन दिवस धुतलं. माकुळाचा वास गेला नाही. उद्घाटनाला आलेल्या तालुकाप्रमुखांनी फीत कापली, माझ्यात डोकावले, चटकन मागे झाले आणि भाषणात म्हणाले की या खोलीत आपल्या भूमीचा सुगंध आहे.

मा साहेबांचं काम असं होतं. स्कूटर काढायची, डोंगरातल्या एकेका गावात जायचं आणि म्हाताऱ्यांना विचारायचं, तुमच्या घरचं सोयाबीन कुठलं? बाजारचं नको, सासूने दिलेलं, तिला तिच्या सासूने दिलेलं. म्हाताऱ्या आधी म्हणायच्या, काही नाही हो आमच्याकडे. मग भाताची दारू यायची, मुळ्याची किमची यायची, आणि संध्याकाळपर्यंत फडताळामागून एक मडकं निघायचं. त्यात तीन मुठी दाणे. नावं तरी काय एकेक! उंदीरडोळा. नवरीचा गाल. पंडित घसरला. एकाचं नाव होतं 'सासूपासून लपवलेला', कारण तो इतका गोड की सुना म्हणे तो सासूला दाखवतच नसत.

हे दाणे आणायचे, खडखडीत वाळवायचे, चकचकीत पाकिटात हवाबंद करायचे आणि शून्याखाली अठरा अंशांत माझ्या हवाली करायचे. पाकिटावर फक्त क्रमांक. बाकी सगळं मा साहेबांच्या वहीत.

बी माझ्यात मरत नाही, झोपतं. पण झोपलेल्याचंही वय वाढतंच. म्हणून दर काही वर्षांनी थोडे दाणे ओल्या कागदावर ठेवून बघायचं, किती उगवतात. उगवण कमी भरली की शेतात पेरायचं, ताजं बी करायचं आणि पुन्हा झोपवायचं. लहान मूल सांभाळण्यासारखंच आहे. फक्त हे मूल कधी मोठं होत नाही आणि म्हातारपणी तुम्हाला सांभाळत नाही.

पहिली तीन वर्षं चैनीची गेली, कारण 'नवीन वाण गोळा करणे' नावाचा प्रकल्प होता. गोळा करताना फोटो निघतात. म्हातारी, मडकं, मा साहेब, मागे डोंगर. प्रकल्प संपला आणि राहिलं ते जपणं. जपण्याचा काय फोटो निघणार? गेल्या वर्षी फ्रीझरचं झाकण बंद, यंदाही बंद.

मग पेरायला शेत मिळेना. शेत मिळालं तर माणूस मिळेना. माझा कॉम्प्रेसर माझ्या वयाच्या बाराव्या वर्षी कण्हू लागला, पंधराव्या वर्षी खोकू लागला. मा साहेबांनी नव्या कॉम्प्रेसरसाठी नऊ वर्षांत नऊ अर्ज केले. एका उत्तरात विचारलं होतं की जुना चालतो आहे का. मा साहेबांनी खरं ते लिहिलं, की चालतो आहे. तर कळवलं गेलं की चालतो आहे तर नवा कशाला. पुढच्या वर्षी त्यांनी लिहिलं की बंद पडण्याच्या बेतात आहे. उत्तर आलं की बंद पडल्यावर अर्ज करावा.

याच काळात गावाच्या वेशीवर सोयाबीनचा पुतळा उभा राहिला. तिसरे तालुकाप्रमुख आले होते, त्यांची कल्पना. बारा मीटर उंच, हिरवट-पिवळा, आतून पोकळ, खाली काँक्रीटचा तळघरवजा चौथरा, चारही बाजूंनी दिवे. तीस कोटी वॉन लागले. हमरस्त्याने जाणारे ट्रक ड्रायव्हर आमच्या गावाला तेव्हापासून बटाट्याचं गाव म्हणतात.

मी तक्रार करत नाही. माझ्याबद्दलही सांगण्यासारख्या काही गोष्टी आहेत. माझा एक कोपरा रिकामा होता, आणि रिकामा कोपरा दिसला की माणसाला राहवत नाही. आधी कुणीतरी शरदातल्या सणासाठी वळलेल्या तांदळाच्या करंज्या ठेवल्या. मग आईस्क्रीमच्या कांड्या आल्या. मग केंद्राच्या वाहनचालकाने सासुरवाडीहून आलेले तीन मोठे पोलॅक मासे आणून ठेवले आणि विसरून गेला. मला काय, मी तर आनंदलोच. जुन्या ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं.

अठराव्या वर्षी, गेल्या वर्षीच्या मे महिन्यात, बान सेर्योंग आली. तालुक्याच्या अर्थ विभागातली, वय बत्तीस, बोलणं मोजकं. कुठले खर्च बंद करता येतील याची यादी करायला तिला पाठवलं होतं, आणि त्या यादीत आमची खोली पहिली होती.

तिने पहिल्याच दिवशी मोजदाद सुरू केली. दोन स्वेटर घालून, हातमोजे चढवून माझ्यात वाकली ती तीन दिवस वाकलेलीच. शेवटी मा साहेबांसमोर कागद ठेवला. मा साहेब वाचू लागले. पाकिटं, तेराशे बारा. तांदळाच्या करंज्या, चाळीस. आईस्क्रीम, अकरा, पैकी एक अर्धं खाल्लेलं. मासे, तीन.

"माशांचा वाण कुठला लिहू?" बानने विचारलं. चेहऱ्यावर हसू नाही.

मा साहेबांचे कान लाल झाले. म्हणाले, "ते... ते आजच काढतो."

"काढू नका. मोजदादीनंतर वस्तू हलवायची असेल तर वेगळा फॉर्म भरावा लागतो."

मासे राहिले.

ती वाईट नव्हती, हे मला लवकरच कळलं. ती दुपारी आपला किम्बापचा डबा घेऊन खोलीतच बसायची, कारण केंद्राच्या जेवणघरात तिच्याशेजारी कुणी बसत नसे. खर्च बंद करायला आलेल्या बाईजवळ कोण बसेल? माझ्या झाकणावर डबा ठेवून ती जेवायची आणि भिंतीवरच्या सूचना वाचायची. मा साहेबांनी कधीकाळी मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या. ओल्या कागदावरच्या दाण्यांना रोज पाणी शिंपडावे. दाणे कुजले तर शिव्या देऊ नयेत, दाण्यांचा दोष नसतो.

एकदा तिने मा साहेबांना सरळ विचारलं. अठरा वर्षांत इथलं बी किती जणांनी मागितलं? त्रेचाळीस. मग हे सगळं राष्ट्रीय बँकेत का पाठवून देत नाही? मा साहेब म्हणाले, तिथे पाठवायला प्रत्येक वाणाची पूर्ण माहिती संगणकात भरून द्यावी लागते. ती भरायला माणूस मागितला होता. सहा अर्ज. म्हणून सगळी माहिती अजून वहीतच आहे.

"आणि वही कुठे आहे?"

मा साहेबांनी वही दिली. बानने चार पानं उलटली आणि मिटली. मा साहेबांचं अक्षर मा साहेबांनाच लागतं. दोन वर्षांनी ते निवृत्त होणार होते.

"म्हणजे तुम्ही गेलात की हे तेराशे क्रमांक आहेत, दुसरं काही नाही," ती म्हणाली.

मा साहेबांनी वही परत घेतली. मी मात्र जोरात खोकलो.

जून उजाडला. त्या वर्षी जूनमध्येच पारा चौतीसवर. एका सोमवारी सकाळी जांजीगोल गावची बोंगसुन आजी दारात उभी राहिली. वय एक्क्याऐंशी, कमरेत वाकलेली, पण आवाज ताठ.

"माझं सोयाबीन परत द्या," ती म्हणाली.

हकीकत अशी होती. दरवर्षी ती घरच्या बियाचं मडकं जपून ठेवायची. त्या हिवाळ्यात ती गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी शहरात गेली आणि घरी राहिलेल्या मुलाने ते मडकं शोधून काढलं. एकटा माणूस, भातात काहीतरी घालायला हवंच होतं. महिनाभर त्याने सोयाबीनभात खाल्ला. आजी परतली, जूनमध्ये पेरायला मडकं उघडलं, तर आत मुलाने ठेवलेले मोबाइलचे जुने चार्जर.

"साठ वर्षं मी ते सासूपासून लपवलं," आजी म्हणाली. "पोटच्या पोरापासून लपवायचं माझ्या डोक्यात आलं नाही."

मग तिला आठवलं, की स्कूटरवाल्या एका साहेबाला तिने तीन मुठी दिल्या होत्या. बँकेत ठेवतो म्हणाला होता. तर आता काढायला आली होती, आणि अठरा वर्षांत त्यावर व्याज काय धरलं तेही विचारायला.

मा साहेबांना ती आठवत होती, क्रमांक आठवत नव्हता. त्यांनी वही उघडली. नेमका त्यांचा चष्मा गाडीत राहिला होता. बान म्हणाली, मी वाचते, आता अक्षर थोडं लागायला लागलंय. ती जांजीगोल शोधत गेली आणि कार्यालयीन आवाजात वाचू लागली.

"सातशे दोन. जांजीगोल, निळं फाटक. म्हातारी चिडकी. कुत्रा तिच्यापेक्षा बरा. दाणा हिरवट, डोळा काळा. नाव, सासूपासून लपवलेला. तीन मुठी."

खोलीत फक्त माझाच आवाज येत होता.

"कुत्रा खरंच बरा होता," आजी म्हणाली. "मेला गेल्या वर्षी."

पाकीट सापडलं. पण मा साहेब म्हणाले, आजी, हे फार दिवसांचं आहे, मधे पेरायला जमलं नाही. तीस दाणे ओल्या कागदावर ठेवून बघतो, किती जिवंत आहेत. पुढच्या सोमवारी या.

"माझंच बी, आणि वर माझ्याच बियाची तपासणी," आजी म्हणाली. "बँका सगळ्या सारख्याच मेल्या." पण गेली. तीस दाणे बशीत ओल्या कागदावर गेले, बशी खिडकीखालच्या कपाटात गेली, पाकीट पुन्हा बंद होऊन माझ्यात आलं.

बुधवारी दुपारी मी बंद पडलो.

कसं सांगू? मी काही अचानक पडलो नाही. एकदा कण्हलो, एकदा खोकलो, मग आतून काहीतरी तडकल्यासारखं झालं आणि शांतता. चोवीस वर्षांत पहिल्यांदा मला खोलीतलं घड्याळ ऐकू आलं.

मा साहेब धावत आले, हात लावून पाहिला. मेकॅनिक आला, तो म्हणाला की या मॉडेलचा भाग आता बनतच नाही, भंगारात शोधावा लागेल, किती दिवस लागतील सांगता येत नाही. खोलीतला एसी आधीच गेला होता. त्याचा अर्ज वेगळा होता.

"एका दिवसात ही मरणार नाहीत," मा साहेब बानला म्हणाले. "पण यातली अर्धी आधीच कशीबशी तग धरून आहेत. असे आठ-दहा दिवस उकाड्यात काढले, तर मी काय जपलं?"

बानने घड्याळ पाहिलं. मग विचारलं, "गावात फ्रीझर कुणाकुणाकडे आहेत?"

त्या दुपारी दोवॉन गावाने जे पाहिलं ते पुन्हा दिसायचं नाही. मा साहेब आणि अर्थ विभागाची बाई, दोघं हातगाडी ढकलत बाजारातून दारोदार फिरत होते. मी खोलीत रिकामा पडलो होतो, हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं. मटणसूपवाल्याने दीडशे पाकिटं घेतली, शेपटांच्या हाडांवर ठेवली. आईस्क्रीमच्या दुकानाने दोनशे घेतली आणि विचारलं, यात साखर आहे का? अंत्यविधीच्या हॉलचा मालक म्हणाला, माझ्याकडे थंड जागा भरपूर आहे, सध्या कुणी नाहीये. तिथे चारशे गेली. प्रत्येकाला बानने पावती दिली. मटणसूपवाल्याची पावती मी पुढे पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं: हाडांच्या वरचा खण, पाकिटे एकशे पन्नास, मूल्य सांगता येत नाही.

तीन मासे वाहनचालक घरी घेऊन गेला. त्याच्याकडूनही तिने फॉर्म भरून घेतला.

शनिवारी शेजारच्या तालुक्यातल्या भंगारात माझ्यासारख्याच एकाचा कॉम्प्रेसर मिळाला. त्याचं काय झालं असेल, यावर मी फार विचार करत नाही. तो मला बसला आणि मी पुन्हा सुरू झालो. रविवारी पाकिटं परत आली. बानने मोजली, तेराशे अकरा. पुन्हा मोजली, तेराशे अकरा. तिसऱ्यांदा मा साहेबांनी मोजली, आणि मोजता मोजता त्यांचा वेग कमी होत गेला, कारण सातशे एकनंतर एकदम सातशे तीन आलं होतं.

ते पाकीट क्वाक बाईंकडे होतं. वेशीजवळ, पुतळ्याच्या पलीकडे, थंड सोयाबीनच्या रसात शेवया घालून विकतात त्यांच्याकडे. क्वाक बाईंना सगळं नीट सांगितलेलं होतं. त्यांच्या नवऱ्याला सांगितलं नव्हतं. शुक्रवारी गर्दी झाली, घरचं सोयाबीन कमी पडलं, त्याने फ्रीझर उघडला तर वरच एक पाकीट घसरून आलेलं. कापलं, तर आत सुंदर सोयाबीन. भिजवलं, शिजवलं, वाटलं. सात ट्रक ड्रायव्हरांनी खाल्लं. दोघांनी दुसऱ्यांदा मागितलं, पण संपलं होतं.

"कुठून आणता हो हे?" क्वाक बाईंच्या नवऱ्याने आनंदाने विचारलं म्हणे. "असा गोडवा मी उभ्या जन्मात पाहिला नाही. अजून मिळेल का?"

मा साहेब तिथेच पायरीवर बसले.

सोमवारी बोंगसुन आजी आली. येताना कणसं उकडून आणली होती, दोघांसाठी. मा साहेबांनी तिला खुर्ची दिली, स्वतः जमिनीवर गुडघे टेकून बसले आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. माझा कॉम्प्रेसर, हातगाडी, शेवया, सात ड्रायव्हर.

आजीने कणसांची पिशवी खाली ठेवली. मग विचारलं, "मीठ घातलं होतं का साखर?"

"मीठ," बान म्हणाली.

"मग ठीक आहे. साखर घालतात ते गाढव असतात." तिने मान वर केली. "दोघांनी दुसऱ्यांदा मागितलं?"

"हो."

"माझ्या सासूने माझ्या हातचं कधी दुसऱ्यांदा मागितलं नाही." मग ती माझ्या झाकणाकडे बघू लागली. "पण मला पेरायचं होतं रे. मला खायचं नव्हतं. माझे दात कुठे आहेत आता."

तेव्हा बान उठली, खिडकीखालच्या कपाटाशी गेली आणि बशी घेऊन आली. मा साहेब त्या धांदलीत बशी पार विसरले होते. कागद ओला होता, नीट ओला. "रोज पाणी शिंपडावे, असं भिंतीवर लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही शिंपडत नव्हता, म्हणून मी शिंपडत होते."

तीस दाण्यांपैकी एकोणीस तसेच पडून होते, थोडे कुजलेले. अकरांना कोंब आले होते.

आजीने चष्मा लावला, बोटाने एकेक मोजला आणि म्हणाली, "अकरा. मी नऊ पोरं वाढवलीत." तिने बशी तशीच ओल्या फडक्यात गुंडाळली, मांडीवर घेतली आणि बसने गावी गेली. कणसं विसरली, ती आम्ही, म्हणजे त्या दोघांनी, खाल्ली.

पुढचे चार महिने मा साहेब दर रविवारी जांजीगोलला जायचे आणि सोमवारी बानला सांगायचे. पहिल्याच आठवड्यात दोन रोपं रानातल्या हरणाने खाल्ली. मग आजीने शेतात बाज टाकली, रेडिओ लावला आणि दिवसभर तिथेच बसू लागली. तिचा मुलगा येऊन कुंपण घालून गेला. आजीने त्याला आत येऊ दिलं नाही, बाहेरूनच घाल म्हणाली. नऊ रोपं तगली.

बानची बदली व्हायची होती, ती तिने लांबवून घेतली. रोज दुपारी वही घेऊन बसायची, मा साहेबांना एकेका ओळीचा अर्थ विचारायची आणि संगणकात भरायची. 'गवताच्या छपराची बाई, हसते फार', असं असेल तर हसते फार हेही भरायचं का, यावर त्यांचं एकदा अर्धा तास भांडण झालं. भरायचं असं ठरलं.

तिने एक काम आणखी केलं, जे मा साहेब वर्षानुवर्षं टाळत होते. सगळ्या पाकिटांतले थोडे थोडे दाणे ओल्या कागदावर ठेवायला लावले. निकाल लागला त्या दिवशी मा साहेब लवकर घरी गेले. दोनशे सहा पाकिटांत एकही दाणा उगवला नाही. नवरीचा गाल त्यातच होता.

ते माझ्या पोटात मेले. मी त्यांना थंड ठेवत होतो आणि ते आत संपत होते, मला कळलंही नाही. थंड ठेवणं म्हणजे जपणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. कुणीतरी मधून मधून उठवून विचारावं लागतं, बाबा, आहेस ना?

नोव्हेंबरमध्ये तालुक्याच्या सभेत आमचा निकाल होता. एका सभासदाने तोच प्रश्न विचारला, की अठरा वर्षांत ही बियाणी वापरली किती जणांनी. बानने सांगितलं, त्रेचाळीस जणांनी पेरायला नेली आणि सात जणांनी खाल्ली. सभा हसली. ती थांबली, हसून होईपर्यंत. मग म्हणाली की ते सातशे दोन नंबरचं बी त्या दिवशी जगात फक्त दोनच ठिकाणी उरलं होतं, एक त्या सात जणांच्या पोटात आणि दुसरं एका बशीत. दोनशे सहा पाकिटांना तर बशीही नव्हती. मग तिने एक वाडगा टेबलावर ठेवला. नऊ रोपांचं पीक, हिरवट दाणा, काळा डोळा. बोंगसुन आजीने पाठवलेलं. बरोबर निरोपही होता, की मोजून दिलंय, मोजूनच परत पाहिजे.

सगळ्यांना पटलं. तरी दरवर्षी न चुकता पैसे द्यायचे म्हटल्यावर सगळे पुन्हा कागद चाळू लागले. दरवर्षीचा खर्च मंजूर करणं कुणालाच आवडत नाही.

बान घरूनच अभ्यास करून आली होती. तालुक्यात एकच गोष्ट अशी होती, जिच्यासाठी पुढच्या वीस वर्षांचा देखभाल खर्च आधीच मंजूर होता. बारा मीटरचं सोयाबीन. त्याच्या चौथऱ्याखालची काँक्रीटची खोली जमिनीत असल्याने थंड होती, कोरडी होती आणि तिच्यात आजवर फक्त एक झाडू ठेवलेला होता.

तालुकाप्रमुख खुर्चीतून अर्धे उठले म्हणे. सोयाबीनच्या आत सोयाबीन! ही कल्पना आपल्याला आधीच सुचायला हवी होती, असं म्हणाले. पुढच्या सभेपर्यंत ती त्यांना आधीच सुचलेली होती.

आता पुतळ्याखाली दोन नवी यंत्रं आहेत, एक बंद पडलं तर दुसरं. जनित्र आहे. प्रत्येक वाणाचा एक वाटा राष्ट्रीय बँकेत गेला, माहितीसकट, हसते फार सकट. सात गावांच्या म्हाताऱ्यांना दरवर्षी ठरावीक वाण पेरून द्यायचे पैसे मिळतात. पुतळ्याचे दिवे मात्र रात्री दहालाच बंद होतात, कारण पैसे कुठून तरी यायलाच हवेत. ड्रायव्हर म्हणतात, बटाट्याच्या गावाला हल्ली लवकर झोप येते.

माझं काम संपलं. भंगारातून आणलेला कॉम्प्रेसर कुणाला नको आहे आणि मीही नको आहे, यात राग मानण्यासारखं काही नाही. मला केंद्राच्या मागच्या ओट्यावर आणून ठेवलंय. गुरुवारी भंगारवाला येणार आहे.

जाता जाता तुम्हाला एकच सांगतो. कुठे कुणी बियांसाठी नवी इमारत बांधून फीत कापत असेल, तर टाळ्या वाजवा, पेढे खा, आणि घरी जाण्याआधी कापणाऱ्याला हळूच विचारा, पुढच्या वर्षीच्या विजेचं काय? त्याच्या पुढच्या वर्षीचं? तो चिडेल. तरी विचारा.

आज सकाळी मा साहेब आले होते. बादली आणि फडकं घेऊन त्यांनी मला आतून-बाहेरून पुसलं, कोपरे सुद्धा. मी म्हणणार होतो, अहो, गुरुवारी मला तोडणारच आहेत. पण पुसू दिलं. मग त्यांनी माझं झाकण वर उचललं, कडेला एक काठी लावली आणि ते तसंच ठेवून आत गेले.

चोवीस वर्षं माझं झाकण जरा उघडं राहिलं की कुणीतरी ओरडायचं. झाकण! थंडी जातेय! आज ते उघडं आहे आणि कुणी ओरडत नाही. अकराच्या सुमाराला ओट्यावर ऊन आलं, हळूहळू माझ्या आत उतरलं, अगदी तळापर्यंत. ऊन असं असतं, मला ठाऊकच नव्हतं.